टवका भरताना, वय जुळवताना

गिब्सन कंपनीच्या 1952 ते 1957 या वर्षांतल्या सोनेरी लेस पॉल गिटारवर, वाजवणाऱ्याचा हात जिथे टेकतो तिथे सोनेरी रंग बऱ्याचदा हिरवा पडलेला दिसतो. तो सोनेरी रंग म्हणजे लॅकरमध्ये कालवलेली ब्राँझची पूड. वरचं पारदर्शक लॅकर झिजलं आणि घाम आत पोचला की ब्राँझमधलं तांबं गंजतं. अशा गिटारवरचा टवका भरायला कोणी बाजारातून सोनेरी रंगाची बाटली आणली, तर भरलेली जागा मूळ टवक्यापेक्षा जास्त डोळ्यांत भरते. जुन्या गिटारचं रंगकाम फसतं ते बहुतेक वेळा इथेच. माणूस कंपनीचा रंग शोधत बसतो. जुळवायचं असतं ते त्या रंगाचं साठ वर्षांत जे झालं आहे ते.

तुमच्या हाती पन्नास-साठच्या दशकातली एखादी फेंडर, गिब्सन किंवा मार्टिन आहे असं इथे धरलं आहे. महाराष्ट्र-गोव्यात अशा गिटार फार नाहीत, पण आहेत. परदेशी वाद्य मागवणं जवळपास अशक्य होतं त्या काळात कोणा तारवट्याने बोटीवरून आणलेली, कोणा गोवेकर वादकाने सांभाळलेली आणि पुढे घरातल्या कपाटावर चढलेली अशी एखादी निघते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना तर त्या जुन्या वाद्यांच्या दुकानात रीतसर भेटतात. गिटार कुठूनही आलेली असो, हात लावण्याआधी तिच्या अंगावर काय आहे हे माहीत हवं.

त्या काळातल्या बहुतेक अमेरिकी गिटारवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं. कापसातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून बनवलेला पदार्थ थिनरमध्ये विरघळवायचा, की झालं लॅकर. ड्यूपाँ कंपनीने 1920 च्या दशकात ते ‘ड्यूको’ या नावाने मोटारींसाठी आणलं. मोटार रंगवायला आठवडे लागत ते काम दिवसांवर आलं, आणि गिटार बनवणाऱ्यांनीही ते उचललं. (आपल्याकडचे सुतार फवाऱ्याने मारलेल्या कुठल्याही चकचकीत रंगाला अजून ड्यूकोच म्हणतात, भले डब्यात पॉलियुरेथेन असो.) नायट्रोसेल्युलोज लॅकरचा दुरुस्तीच्या दृष्टीने सर्वांत मोठा गुण असा, की ते फक्त थिनर उडून गेल्याने सुकतं. आत कुठलीही रासायनिक गाठ बसत नाही. त्यामुळे साठ वर्षांनंतरही थिनर लागला की ते विरघळतं, आणि वरून टाकलेला नवा थेंब जुन्या थरात मिसळून एकजीव होतो. पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर एकदा घट्ट झालं की नव्या थेंबाला जवळ करत नाही.

याच लॅकरचे दोषही आहेत. मऊपणासाठी त्यात घातलेली द्रव्यं हळूहळू कमी होतात आणि थर ठिसूळ होतो. लाकूड हवेप्रमाणे फुगतं-आकसतं, थंडीतून एकदम उबेत आलं की हलतं. ठिसूळ लॅकरला ते झेपत नाही आणि त्यावर बारीक भेगांची जाळी पडते. शिवाय ते पिवळं पडतं. हा पिवळेपणा म्हणजेच जुन्या गिटारचा रंग. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

तपासणी सोपी आहे, जागा मात्र लपलेली निवडा: पिकगार्डच्या खाली, पट्ट्याच्या बटणाखाली किंवा ट्यूनरच्या पत्र्याखाली. कापसाच्या काडीला आधी स्पिरिट लावून टेकवा. पृष्ठभाग चटकन चिकट झाला तर ती लाख आहे. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना आणि जुन्या शास्त्रीय गिटारना असतं ते फ्रेंच पॉलिश; त्याची दुरुस्ती वेगळी, आणि ती तुमच्या गावातला जुना पॉलिशवाला कदाचित तुमच्यापेक्षा चांगली करेल. स्पिरिटने काही झालं नाही तर अॅसिटोनची काडी क्षणभर टेकवा. चिकट झालं तर नायट्रो. काहीच झालं नाही तर पॉली जातीचं, आणि मग पुढचं बरंच काही तुम्हाला लागू नाही. एक घोळ ध्यानात ठेवा. 1968 च्या आसपास फेंडरने खालचे थर पॉलिएस्टरचे करायला सुरुवात केली, त्यामुळे त्या काळातल्या गिटारवर वरचा थर विरघळेल आणि त्याच्या खालचा ढिम्म राहील.

नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मिळाला तर अंधाऱ्या खोलीत गिटारवर फिरवा. जुनं नायट्रो हिरवट-पिवळं चमकतं, लाख नारिंगी दिसते, आणि अलीकडे कोणी डागडुजी केली असेल तर तेवढा भाग काळपट राहतो. दुकानदाराने ‘मूळ रंग’ म्हणून विकलेल्या गिटारची गोष्ट इथे पुष्कळदा बदलते.

आता प्रश्न दुरुस्तीचा. जुन्या वाद्यांच्या बाजारात एक ढोबळ हिशेब सगळे धरून चालतात: पूर्ण नव्याने रंगवलेल्या गिटारची किंमत मूळ रंगाच्या गिटारच्या साधारण निम्म्यावर येते. त्यामुळे ‘सगळी घासून एकदाच नवीकोरी करू’ हा सल्ला देणाऱ्याच्या हाती गिटार देऊ नका. झीज, पट्ट्याचे ओरखडे, कमरेच्या बकलाने पाडलेल्या खुणा आणि भेगांची जाळी यांपैकी कशालाही दुरुस्तीची गरज नसते. जाळीत रिटार्डर, म्हणजे हळू उडणारा थिनर, सोडून भेगा वितळवून बुजवता येतात, काही कारागीर ते करतातही. माझ्या मते ते करू नये. पृष्ठभाग काचेसारखा होतो आणि गिटार जुनी दिसणं बंद होतं.

पोचा आणि टवका यांत फरक करा. लॅकर शाबूत असून लाकूड दबलं असेल तर तो पोचा. सुतार ओलं फडकं आणि इस्त्री वापरून लाकडातला पोचा उचलतात. नायट्रोवर ते केलंत तर वाफेने लॅकर पांढरं पडेल आणि पोचाही तिथेच राहील. टवका म्हणजे लॅकर उडून लाकूड उघडं पडलं आहे. तोही मधल्या सपाट भागावर असेल तर एक वेळ राहू द्यावा. काठावरचा मात्र भरावा, कारण तिथून कपडा अडकतो, घाम आत शिरतो आणि टवका वाढत जातो.

तातडीचं काम एकच असतं: सुटत आलेले पापुद्रे. टवक्याच्या कडेला लॅकर लाकडापासून सुटलेलं असतं. नखाने हलकेच टकटक केलंत तर तिथला आवाज पोकळ येतो. हे पापुद्रे आधी चिकटवा, नाहीतर भरण्याच्या कामात तेही उडतील. थिनरने निम्म्याहून अधिक पातळ केलेलं साधं लॅकर, त्यात थोडा रिटार्डर, बारीक कुंचल्याच्या टोकाने कडेवर ठेवायचं. ते आपोआप आत ओढलं जातं. पापुद्रा मऊ झाला की वर बेकिंगचा कागद ठेवून बोटाने दाबून धरा. बरेच जण या कामाला फेव्हिक्विकच्या जातीचा पातळ गोंद वापरतात. तो पटकन बसतो, पण पुन्हा सुटत नाही, लॅकरमध्ये मिसळत नाही, आणि उघड्या लाकडात शिरला की काळी रेघ सोडतो. पॉली गिटारवरचे टवके त्याने भरणं योग्य, नायट्रोवर नको. आणि एक विसरू नका: जुन्या लॅकरवर कुठलीही चिकटपट्टी लावू नका, रंगाऱ्यांची हलकी पट्टीसुद्धा. काढताना ती पापुद्रा घेऊनच येते.

सफाई रंगाच्या आधी. मळाच्या थरावर जुळवलेला रंग मळ निघाल्यावर चुकीचा ठरतो. सुती फडक्यावर अगदी थोडं पाणी, मग नॅफ्था, म्हणजे सिगारेट लायटरमध्ये भरतात ते तेल. नॅफ्था नायट्रोला विरघळवत नाही आणि वर्षानुवर्षांचं मेण-तेल काढतं. थिनर, स्पिरिट, अॅसिटोन सफाईला चालत नाहीत, आणि गाडी चमकवायचं पॉलिश तर मुळीच नाही. त्यातलं सिलिकॉन राहिलं तर नवं लॅकर तिथून पळतं आणि माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात. फेंडरच्या माथ्यावर नावाचं चित्र असतं तिथे जपून. पन्नास-साठच्या दशकातल्या बऱ्याच फेंडरवर ते लॅकरच्या वर चिकटवलेलं असे, खाली नव्हे. एका जोरकस पुसण्यात कंपनीचं नाव जातं.

मानेच्या मागची बाजू चिकट होते ती तक्रार आपल्या हवेत नेहमीची. घाम आणि उष्णतेने लॅकर मऊ होतं. तिथेही आधी नॅफ्थाच. पॉलिशपेपर घेऊन बसू नका.

रंगाकडे वळू. भिंगातून टवक्याची कड पाहा. लाकूड, त्यावर सीलर, त्यावर रंगाचा थर, त्यावर पारदर्शक लॅकर असे थर कापलेले दिसतील. कुठला थर तुटला आहे यावर सारं ठरतं. फक्त वरचं पारदर्शक उडालं असेल तर रंग लागतच नाही. लाकूड उघडं असेल तर त्यावर नॅफ्थाचा एक थेंब टाकून पाहा. थेंब ओला आहे तोवर जे दिसतं, ते लाकडावर साधं लॅकर घातल्यावर दिसणारं दृश्य. बऱ्याच टवक्यांत तेवढ्यानेच भागतं आणि रंग कालवायची वेळ येत नाही. नॅफ्था उडून जातो, काही खूण राहत नाही.

रंग लागतो तेव्हा एक नियम पक्का धरा: रंग लाकडात जाऊ द्यायचा नाही. उघड्या लाकडावर, विशेषतः काठावर जिथे रेषांची टोकं बाहेर येतात, रंगद्रव्य टाकलं की ते शोषलं जातं, काळं पडतं आणि कधीच निघत नाही. म्हणून आधी मेण काढलेल्या लाखेचा एक अगदी पातळ हात. लाख सुकली की तिच्यावर लॅकरमध्ये मिसळलेला रंग. चुकलं तर लाखेवरून तो पुसून काढता येतो, लाकडातून काढता येत नाही.

कोणता रंग? दोन खऱ्या उदाहरणांवर बोलू. फेंडरच्या साठच्या दशकातल्या रंगपत्रिकेतला ऑलिंपिक व्हाइट घ्या. हे रंग मोटारींचे होते. फिएस्टा रेड फोर्डच्या थंडरबर्डवर आधी आला, ऑलिंपिक व्हाइट कॅडिलॅकवर, आणि असा खास रंग हवा असेल तर फेंडर गिटारच्या किमतीवर 5 टक्के जास्त घेई. आज त्या पांढऱ्या गिटारकडे पाहिलं तर ती सायीच्या रंगाची असते. तरी पिकगार्ड काढल्यावर त्याखाली पांढरंच सापडतं. रंग बदललेला नाही, त्यावरचं पारदर्शक लॅकर पिवळं झालं आहे. सॉनिक ब्लूसारखा फिकट निळा त्याच कारणाने हिरवट दिसतो.

आता इथे मोह होतो की सायीच्या रंगाचाच अपारदर्शक रंग कालवावा. खोलीतल्या दिव्याखाली तो जुळतोही. उन्हात नेलात की तो भाग सपाट, मेलेला दिसतो, कारण मूळ गिटारवर प्रकाश पिवळ्या थरातून आत जाऊन पांढऱ्यावरून परत येतो आणि तुमच्या मिश्रणात तो पृष्ठभागावरच अडतो. म्हणून कारखान्याच्या क्रमानेच जा. खड्ड्याच्या तळाशी पांढरा, पिकगार्डखालच्या नमुन्याला जुळवून. त्यावर पिवळसर लॅकर, आणि सर्वांत वर साधं. हा क्रम थकवणारा आहे. दुसरा मार्ग मला ठाऊक नाही.

पिवळसर लॅकरबाबत एक बारकावा आहे, आणि बहुतेक चांगली कामं इथे बिघडतात. रंगवलेलं लॅकर खड्ड्याच्या कडेबाहेर, जुन्या पृष्ठभागावर आलं, की तिथे जुना पिवळेपणा अधिक नवा पिवळेपणा असा दुप्पट थर होतो आणि टवक्याभोवती गडद कडं उमटतं. रंगीत लॅकर खड्ड्यातच राहिलं पाहिजे. बाहेर यायचं ते फक्त रंगहीन लॅकरने. बाहेर सांडलंच तर नॅफ्थाने पुसू नका, ते निघणार नाही. सुकू द्या आणि नंतर ब्लेडने खरवडा.

दुसरं उदाहरण सनबर्स्टचं. 1958 ते 1960 मधल्या लेस पॉलवर मध्ये पिवळं आणि कडेला लाल असा रंग होता. त्यातलं लाल रंगद्रव्य उजेडात टिकलं नाही. काही गिटार आता चहाच्या रंगाच्या झाल्या आहेत, काही नुसत्या पिवळ्या. पिकअपची चौकट उचलली तर खाली मूळ लाल अजून दिसतो. त्या लालावर विश्वास ठेवू नका, तो टवक्याच्या जागेला लागू नाही. टवक्याला अगदी लागून असलेला, बोटाच्या पेराएवढा भाग हाच तुमचा नमुना. सनबर्स्टमध्ये तिथून बोटभर अंतरावर रंग वेगळा असतो.

मिश्रण हलक्याकडून गडदाकडे न्यायचं. आधी पिवळा, मग लालाची छटा, मग तपकिरी. काळा जवळजवळ कधीच नको. तपकिरी फार लालसर वाटला तर काळ्याऐवजी हिरव्याचा एक कण टाका. लाली बसते आणि रंग मळत नाही. रंगद्रव्य म्हणून धातुयुक्त द्रवरूप रंग घ्या, ते उजेडात टिकतात आणि थिनरमध्ये मिसळतात. रंगाच्या दुकानात भिंतीच्या रंगासाठी मिळणारे स्टेनर लॅकरमध्ये फाटण्याची शक्यता असते, वापरायचेच तर आधी काचेवर थेंब टाकून रात्रभर ठेवा. गाड्या रंगवणाऱ्यांच्या दुकानात एन. सी., म्हणजे नायट्रोसेल्युलोज, रंग मिळत असेल तर अपारदर्शक रंगांसाठी तो उत्तम. पांढरा, लाल, निळा थोडाथोडा घेऊन घरी जुळवता येतो.

नमुना काचेच्या पट्टीवर बनवा, प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तशा. प्लॅस्टिकवर थिनर चालत नाही. पट्टीवर मिश्रणाचे एक, दोन, तीन थर शेजारी शेजारी, सुकल्यावर त्यांच्यावर साधं लॅकर, मग ती पट्टी टवक्याशेजारी धरून पाहा. ओल्या मिश्रणावर निर्णय घेऊ नका, सुकून वर चकाकी आल्यावरच रंग खरा दिसतो. उत्तरेकडच्या खिडकीच्या उजेडात एकदा, घरातल्या पिवळ्या दिव्याखाली एकदा. दोन्हीकडे तंतोतंत जुळणं कठीण. निवड करावी लागली तर दिवसाच्या उजेडाला मान द्या. आणि किंचित फिकट राहिलेलं सोडून द्या. फिकट डाग झीज म्हणून खपून जातो, गडद डाग डोळा सोडत नाही. शिवाय तुमचं नवं लॅकरही पुढच्या वर्षांत पिवळं होणारच आहे.

धातूच्या चमकीचे रंग घरी करू नयेत असं माझं मत आहे. कँडी अॅपल रेडमध्ये खाली चंदेरी किंवा सोनेरी थर आणि वर पारदर्शक लाल असतो. फवाऱ्यात त्या पुडीचे कण एका तऱ्हेने पसरतात, काडीच्या टोकाने टाकलेल्या थेंबात दुसऱ्या तऱ्हेने. समोरून जुळलेला रंग बाजूने पाहिल्यावर काळा दिसतो. सुरुवातीला सांगितलेल्या सोनेरी लेस पॉललाही हेच लागू. अशा गिटारवर साधं लॅकर भरून ब्राँझ हवेपासून झाकून ठेवा आणि थांबा.

भरायचं काम हाताला सोपं, मनाला जड, कारण त्यात निम्मं काम वाट पाहण्याचं असतं. टूथपिकच्या टोकावर लॅकरचा थेंब घेऊन खड्ड्याच्या मध्यावर ठेवायचा. तो स्वतःच कडेपर्यंत पसरतो. लॅकरमधला बराच भाग थिनर असतो, त्यामुळे सुकताना थेंब खाली बसतो. दुसऱ्या दिवशी पुढचा थेंब. घाईने एका दिवसात चार थेंब टाकले तर वरची साल सुकते, आत थिनर अडकतो आणि महिन्याभराने खड्डा पुन्हा बसतो. भराव आजूबाजूच्या पातळीच्या किंचित वर आला की थांबा. मग तीन-चार आठवडे हात लावू नका. नाक जवळ नेल्यावर थिनरचा वास येत असेल तर अजून झालेलं नाही.

उंचवटा उतरवायला पॉलिशपेपरने सुरुवात करू नका. जुन्या फेंडर-गिब्सनवरचा लॅकरचा एकूण थर अतिशय पातळ असतो, आणि कागद उंचवट्याइतकाच आजूबाजूचा भागही खातो. दाढीचं सरळ ब्लेड घ्या. त्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीचा एकेक वेढा द्या, मध्ये उंचवट्याच्या रुंदीएवढी धार उघडी ठेवा. पट्टीची जाडी ब्लेडला जुन्या पृष्ठभागापासून केसभर वर धरते आणि धार फक्त उंचवटा खरवडते. ब्लेड जवळजवळ उभं धरून स्वतःकडे ओढायचं, कापायचं नाही. पट्टीलगत आलात की खोडरबराएवढ्या लाकडी तुकड्यावर 1000 नंबरचा वॉटरपेपर, मग 1500, मग 2000. ओलाव्यासाठी नॅफ्थाचे थेंब वापरा. पाणी स्क्रूच्या भोकांतून आणि भेगांतून लाकडात उतरतं, लाकूड फुगतं आणि तुमचा टवका दुप्पट होतो. काठावर हात अधिकच हलका. तिथे दोन जास्तीच्या घासण्यांत लाकूड उघडं पडतं.

शेवटची चकाकी आजूबाजूच्या जागेएवढीच आणायची, तिच्यापेक्षा जास्त नाही. साठ वर्षांच्या लॅकरवर आरसा नसतो. कधी 2000 च्या कागदानंतर नुसतं सुती कापड पुरतं, कधी सिलिकॉन नसलेलं बारीक रबिंग कंपाउंड लागतं. काही कारागीर भरलेल्या जागेवर ब्लेडने खोट्या भेगा ओढतात, जाळी अखंड दिसावी म्हणून. कसब म्हणून ते थोर आहे. विकायच्या गिटारवर मात्र मी त्याला फसवणूकच म्हणेन.

आपल्या हवेचा विचार वेगळा करावा लागतो, कारण परदेशी पुस्तकांत जे वेळापत्रक दिलेलं असतं ते मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यात चालत नाही. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि लॅकरमध्ये पांढुरकं धुकं अडकतं. थेंबात ते दिसलं तर घाबरू नका. कोरड्या दिवशी वर रिटार्डरचा कण टेकवला की थर पुन्हा मऊ होतो, ओल निघून जाते आणि धुकं विरतं. पण शहाणपण यात आहे की जून ते सप्टेंबर हे काम काढूच नये. किनारपट्टीवर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले, तेही दव ओसरल्यानंतरची दुपार. विदर्भात मे महिन्यात उलटी अडचण येते: थिनर इतक्या वेगात उडतो की थेंबात बुडबुडे अडकतात. तिथेही उपाय रिटार्डरच, किंवा भल्या सकाळची वेळ. गाडीतून, विमानातून, कुरिअरने आलेली गिटार लगेच पेटीतून बाहेर काढू नका. पेटी बंद ठेवूनच काही तास घरात राहू द्या. एकदम उघडलीत तर तुमच्या देखत नव्या भेगा पडतील.

आग आणि वाफा यांबद्दल मी कोणाला सवलत देत नाही. नायट्रोसेल्युलोज हे बंदुकीच्या दारूच्या कुळातलं द्रव्य आहे आणि थिनरच्या वाफा जमिनीलगत पसरून दूरवर जातात. त्या खोलीत देवघरातला दिवा, उदबत्ती, डासांची कॉइल, गॅसची शेगडी काही पेटलेलं नको. एसी लावून खिडक्या बंद करून काम करणं हा सर्वांत वाईट मार्ग, कारण वाफा साचतात. खिडकी उघडी ठेवा. धुळीसाठीचा साधा मास्क वाफा अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क हवा, आणि फवारायचं असेल तर त्याशिवाय सुरूच करू नका. लॅकर-थिनरने भिजलेली फडकी चोळामोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. पाण्यात भिजवून बाहेर पसरून वाळवा.

काम झाल्यावर गिटार कशावर ठेवता तेही पाहा. स्टँडवरची रबराची किंवा व्हिनाइलची नळी नायट्रोशी झगडते. तिच्यातलं मऊपणाचं द्रव्य लॅकरमध्ये उतरतं आणि टेकलेल्या जागी कायमची काळपट, चिकट खूण पडते. काही स्वस्त पट्टेही तसेच. स्टँडच्या नळ्यांवर जुन्या सुती धोतराची पट्टी गुंडाळा, आणि दोन-चार महिन्यांनी ती बदला.

उरलेलं मिश्रण काचेच्या छोट्या बाटलीत घट्ट बंद करून ठेवा. वर तारीख, कोणता रंग किती थेंब, गिटारचा क्रमांक आणि टवक्याची जागा लिहा. कामाआधी आणि कामानंतरचे फोटो त्याच्याबरोबर. दोन वर्षांनी शेजारी दुसरा टवका उडाला तर सुरुवात पुन्हा पिवळ्यापासून करावी लागत नाही. गिटार कधी विकायची झालीच, तर ती बाटली आणि ते फोटो घेणाऱ्याच्या हाती द्या. यूव्ही टॉर्च त्याच्याकडेही असेल.